वीस जीबीचे साठ जीबी

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलंही, की बाई, बऱ्या आहात ना? बरी आहे. कॉम्प्युटर भरला होता. कॉम्प्युटर म्हणजे लॅपटॉप नव्हे, लॅपटॉपच्या पोटात जो दुसरा कॉम्प्युटर आहे तो. हसू नका, सांगते.

२००९ साली निवृत्त झाले तेव्हा हौसेने एक स्कॅनर घेतला होता. जुन्या डेस्कटॉपवर तो छान चालायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ आहे, बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते) आणि आमच्या नदीकडच्या पेठेत घराघरांत पाणी शिरलं. डेस्कटॉपचा डबा टेबलाखाली जमिनीवर होता, तो गेला. स्कॅनर माळ्यावर होता, तो वाचला. पण पुढे लॅपटॉप आला, त्यात नवीन विंडोज, आणि ते विंडोज स्कॅनरला ओळखच दाखवेना. कंपनीने त्या मॉडेलसाठी नवीन ड्रायव्हर काढलाच नव्हता. दुकानदार म्हणाला, "काकू, नवा घ्या, हा भंगारात द्या." मी काही दिला नाही. चालती वस्तू भंगारात द्यायची आमच्या पिढीला सवय नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये अक्काचा नातू पुण्याहून येऊन चार महिने इथे राहिला. तो मला छोटी आज्जी म्हणतो. त्याने लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्रॅम टाकला आणि त्यात डेबियन नावाचं लिनक्स बसवलं. म्हणजे विंडोजच्या एका खिडकीत एक अख्खा वेगळा कॉम्प्युटर चालतो. त्याला वाटतं आपल्याला खरी हार्ड डिस्क आहे, खरी मेमरी आहे. प्रत्यक्षात ती हार्ड डिस्क म्हणजे विंडोजमधली एक मोठी फाइल. लिनक्सवाली मंडळी जुन्या यंत्रांना टाकून देत नाहीत, त्यामुळे स्कॅनरची वायर जोडली आणि त्याने लगेच घरघर सुरू केली. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता अक्काबद्दल. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, आता शहाऐंशीची. पन्हाळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची सगळी नोकरी झाली. हजेरीपट असायचा तो सरकारी. त्याशिवाय तिची स्वतःची एक वही असायची. शाईने रोजचा पट, पाऊस, कोण आलं, कोण नाही, आणि समासात पेन्सिलीने कारण. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली की समास भरून जायचा. अशा बावीस वह्या. महापुरात त्या ट्रंकेसकट पाण्यात बसल्या. आम्ही पंख्याखाली पानं सुटी करून वाळवल्या, पण बुरशी धरलीच. अक्काला दमा. डॉक्टर म्हणाले घरात ठेवू नका. म्हणून एकेक वही स्कॅन करायची आणि स्कॅन झालेली टाकून द्यायची असं ठरवलं. चौदा वह्या अशा गेल्या.

आणि इथे माझी पहिली चूक. त्या चौदा वह्या मी ३०० डीपीआयवर, जेपीजी करून ठेवल्या. पान दोन एमबीचं, डिस्क सुखात. शाई नीट दिसते. पेन्सील मात्र पाण्याने आधीच पुसट झालेली, ती दाबून बारीक केलेल्या चित्रात जवळजवळ उरलीच नाही. मी वाचून बघितलंच नव्हतं हो. पाने मोजत होते, चौदा झाल्या, आठ राहिल्या. अक्काच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, तिला समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, त्यामुळे तिनेही पाहिलं नव्हतं.

हे कळलं ते एका पाहुणीमुळे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली एक बाई पत्ता विचारत विचारत घरी आली. पन्नाशीची असेल. अक्काच्या पायाशी बसली, पिशवीतून काकवीची बाटली काढली. म्हणाली, "वळखलं न्हाईसा बाई? चौथीत शाळा सोडली मी. तुम्ही घरी आला हुतासा बघा." तिने नाव सांगितलं, अक्काने हो हो म्हटलं, पण मला कळलं की हिला आठवत नाहीये. ती गेल्यावर अक्का दोन दिवस गप्प. मग म्हणाली, "ती वही बघ. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची. मी काहीतरी लिहिलं असणार."

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी म्हणजे पंधरावी वही, अजून ट्रंकेत. उघडली. समासातलं भिंगानेही लागेना. करड्या कागदावर करडी रेघ. स्कॅन करून, मोठं करून, गडद करून बघायचं तेवढंच हातात होतं. म्हणून या वेळी ६०० डीपीआय लावलं, रंगीत, आणि जेपीजी नको म्हणून टिफ. मनात हिशेब असा की दुप्पट बारकाई म्हणजे दुप्पट जागा. तीस-पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईचा हा हिशेब! लांबीतही दुप्पट आणि रुंदीतही दुप्पट, म्हणजे ठिपके चौपट. पाचवीचा गणिताचा तास घेताना मीच मुलांना दटावायचे यावर. एका ए-फोर पानाचे साडेतीन कोटी ठिपके, प्रत्येकाला रंगाचे तीन बाइट, आणि न दाबलेलं. एक पान शंभर एमबीच्या पुढे. नातवाने डिस्क दिली होती २० जीबीची. त्यातलं सहा-सात लिनक्सचं स्वतःचं, पाच माझ्या जुन्या स्कॅनचं. साठाव्या पानाला स्कॅनरचा प्रोग्रॅम म्हणाला, सेव्ह करता येत नाही.

मी आपली बंद करून पुन्हा चालू केला. पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला आणि परत पासवर्डचीच खिडकी. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. चारदा.

त्या रात्री झोप लागली नाही. चौदा वह्या कागदावर उरल्या नव्हत्या. त्या त्या २० जीबीच्या फाइलमध्ये होत्या आणि दुसरीकडे कुठेही नव्हत्या. पेन ड्राइव्हवर घेऊ घेऊ म्हणत पाच वर्षं गेली होती.

सकाळी नातवाला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "छोटी आज्जी, बॅकअप आहे?" मी गप्प. तो म्हणाला, "बरं, मग काहीही डिलीट करू नको, मशीन बंद कर, आणि आधी ती व्हीडीआय फाइल उचलून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाक." त्याला तिकडून स्क्रीन घेऊन स्वतः करायचं होतं. मी म्हटलं, मला सांग, मी करते. वह्या मी टाकल्यात, हेही मीच करणार.

कॉपी व्हायला बराच वेळ लागला. तोवर मी भाकऱ्या थापल्या. व्हर्च्युअल मशीनची एक सोय मात्र मानली पाहिजे. अख्खा कॉम्प्युटर एका फाइलीत असल्यामुळे, त्याची जशीच्या तशी प्रत काढता येते. पुढे काही बिघडलंच तर ही प्रत परत ठेवायची, की आपण जिथे होतो तिथे. हे आधीच करायचं सुचलं असतं तर रात्रीची झोप वाचली असती.

मग काळ्या पडद्यावर शिरायला शिकवलं त्याने. उजवीकडचा कंट्रोल आणि एफ-दोन. तिथे चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. 'डीएफ' म्हणून आज्ञा दिली की डिस्क किती भरली ते दिसतं. शंभर टक्के. गंमत म्हणजे बेरीज केली तर जवळजवळ एक जीबी शिल्लक दिसत होता, पण मला वापरता येत नव्हता. विचारलं तर म्हणाला, हे लिनक्स पाच टक्के जागा व्यवस्थापकासाठी बाजूला काढून ठेवतं, अगदीच नड आली तर मशीन चालावं म्हणून. आमची आई डाळीच्या डब्यात नोटा ठेवायची त्यातलाच प्रकार. वडिलांना पत्ता नसे.

जुनी डाउनलोड केलेली पॅकेजं पडून होती, ती 'अ‍ॅप्ट क्लीन' म्हणून काढली. पाच-सातशे एमबी सुटले आणि पासवर्ड टाकल्यावर घरात प्रवेश मिळाला. माझ्या वह्या होत्या. उघडून बघितल्या. मग चहा घेतला.

आता जागा वाढवायची. कोल्हापूरकराला साठा वाढवायचा म्हटलं की आधी अलमट्टीच आठवतं. तिकडे कर्नाटकाला ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर जायचंय आणि इकडे आपल्या पोटात गोळा. माझ्या बाबतीत धरणाची उंची वाढवणं हे सर्वांत सोपं काम निघालं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्कच्या यादीत जायचं, एक पट्टी सरकवायची. मशीन बंद असलं पाहिजे एवढंच. वीसवरून साठवर नेली. एका सेकंदात झालं. आणि ६० म्हटलं म्हणून लॅपटॉपवरची फाइल लगेच ६० जीबी होत नाही, जसं भरेल तशी ती फुगते. फक्त लॅपटॉपवर तेवढी मोकळी जागा पुढेमागे लागणार हे लक्षात ठेवायचं.

आनंदाने मशीन चालू केलं, 'डीएफ' केलं. जसंच्या तसं. वीसच्या वीस. मला वाटलं पट्टी नीट सरकली नाही. नातू म्हणाला, आता 'एलएसबीएलके' करून बघ. त्यात डिस्क ६० ची दिसत होती आणि तिच्यावरचं पहिलं पार्टिशन १९ चंच.

इथे तो मला इंग्रजीत समजावू लागला. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, हे आपल्या रानासारखं आहे का? शेजारचं चाळीस गुंठे विकत घेतलं. पैसे दिले, जमीन आपली झाली. पण बांध अजून जुन्याच जागी आहे, म्हणून बैल तिथपर्यंतच जाऊन वळतो. आधी बांध सरकवायचा. मग नवीन तुकडा नांगरून वाफे पाडायचे, तेव्हा कुठे पेरता येणार. तो दोन मिनिटं विचार करून म्हणाला, "हो, तसंच. बांध म्हणजे पार्टिशन, वाफे म्हणजे फाइल सिस्टीम." आता हे तो ऑफिसात सांगत असतो म्हणे!

पण बांध सरकेना. कारण आमच्या रानाला आणि नव्या तुकड्याला लागून मध्ये एक चिंचोळी पट्टी दुसऱ्याचीच होती. डेबियन बसवताना त्याने आपणहून एक जीबीचं 'स्वॅप' पार्टिशन केलं होतं. मेमरी कमी पडली तर डिस्कवरची ही जागा मेमरीसारखी वापरतात. ते बरोबर आमच्या १९ जीबीच्या पुढे बसलेलं आणि मोकळे ४० जीबी त्याच्या पलीकडे. पार्टिशनला सलगच जागा लागते, मधलं उडी मारून पलीकडे जाता येत नाही. (मोठ्या ऑफिसांतून एलव्हीएम नावाची व्यवस्था असते, तिच्यात रान सलग नसलं तरी चालतं, आणि मशीन चालू असताना, कुणाला पत्ता न लागता जागा वाढवतात, असं तो म्हणाला. आमच्याकडे ती नव्हती. पाच वर्षांपूर्वी त्यानेच 'आज्जीला कशाला' म्हणून टाळली होती, हे त्याने स्वतःच कबूल केलं.)

तेव्हा मधलं पाडायचं. "स्वॅपमध्ये तुझं काही नाही," तो म्हणाला, "मशीन बंद केलं की त्यातलं सगळं बिनकामाचं. खुशाल काढ."

खुशाल म्हणायला त्याचं काय जातंय. मी चौदा वह्या एकदा खुशालच काढल्या होत्या.

जीपार्टेड नावाचा एक प्रोग्रॅम आहे, त्याची एक सीडीची फाइल असते. ती व्हर्च्युअल मशीनच्या खोट्या सीडी ड्राइव्हमध्ये खोटीच घालायची आणि तिथून मशीन चालू करायचं, म्हणजे आपली डिस्क झोपलेली असते आणि तिच्यावर शस्त्रक्रिया करता येते. पडद्यावर डिस्कची एक आडवी पट्टी येते, त्यात रंगीत चौकोन. आमचं मोठं, मग स्वॅपचं बारीक, मग करडं मोकळं रान. स्वॅप काढलं, त्याच्याभोवतीचं दुसरं कुंपण होतं तेही काढलं, आणि आमच्या चौकोनाचा उजवा काठ माऊसने धरून शेवटपर्यंत ओढला. या प्रोग्रॅमचं चांगलं असं की तो लगेच काही करत नाही. काय काय करायचंय त्याची खाली यादी लावून ठेवतो, आणि वरची हिरवी खूण दाबली की मगच हात घालतो. तोपर्यंत विचार बदलता येतो.

लॅपटॉप चार्जिंगला लावला होता. इन्व्हर्टर चालू आहे का दोनदा बघितलं. अक्का पलीकडे खुर्चीत बसून होती, तिला म्हटलं, "अक्का, दाबू का?" ती म्हणाली, "बाहेरच्या डब्यात प्रत ठेवलीस ना? मग काय विचारतेस?"

दाबलं. आधी त्याने फाइल सिस्टीम तपासली, मग बांध सरकवला, मग वाफे पाडले. पाच मिनिटंही लागली नाहीत. मी तासाभराची तयारी ठेवली होती. नातू म्हणाला, उजवीकडे वाढवताना आतल्या एकाही फाइलीला जागचं हलवावं लागत नाही, म्हणून लवकर होतं. डावीकडे सरकवायचं असतं तर सगळा संसार उचलावा लागला असता, आणि खरा धोका त्यात असतो.

मग सीडी काढून आपलं डेबियन चालू केलं, आणि ते अडलं. काळ्या पडद्यावर एक ओळ, तिच्यात सेकंद मोजणं चाललेलं, कशाची तरी वाट बघतंय. माझे हात गार. नातवाचा फोन लागेना, तो मीटिंगमध्ये. दीड मिनिट. दीड मिनिट किती मोठं असतं ते परीक्षेत शेवटची घंटा व्हायच्या आधी मुलांना विचारा. नव्वद झाले आणि पुढे सरकलं, नेहमीची खिडकी आली. नंतर कळलं की 'एफएसटॅब' नावाच्या यादीत जुन्या स्वॅपचं नाव तसंच राहिलं होतं. मशीन चालू होताना यादीतल्या प्रत्येकाची हजेरी घेतं, आणि हा गैरहजर विद्यार्थी येईल येईल म्हणून दीड मिनिट थांबत होतं. त्या ओळीच्या आधी एक खूण करून नाव कमी केलं. स्वॅपसाठी पार्टिशनऐवजी एक साधी फाइल केली. आता पुढच्या वेळी मध्ये कुणी नाही.

'डीएफ'. एकोणसाठ जीबी. तीस-बत्तीस टक्के भरलेलं.

एवढं झाल्यावर कागद-पेन्सील घेऊन आधी करायला हवा होता तो हिशेब केला. नवे चाळीस जीबी, पान शंभर एमबीचं, म्हणजे चारशे पानं. दोन वह्याही धड नाहीत! जागा तिप्पट करूनही मी महिन्याभरात परत तिथेच आले असते. पण पेन्सिलीला रंग कशाला हवा? करड्या छटेत स्कॅन केलं की तीन बाइटच्या जागी एक, पान पस्तीस एमबीवर येतं आणि बारकाई तेवढीच राहते. जिथे समास कोरा आहे ती पानं ३०० वर. अशा आठही वह्या बसतात. आणि नदीला जशी ३९ फुटांची इशारा पातळी आहे तशी मी डिस्कला ८० टक्क्यांची ठेवलीय, दर रविवारी 'डीएफ' करते. बाहेरच्या डिस्कवर प्रतही त्याच दिवशी. एक प्रत नातवाकडे पुण्यालाही असते, पुण्यात पंचगंगा नाही म्हणून. (मुठा आहे, पण तो वरच्या मजल्यावर राहतो.)

मग एकसष्टाव्या पानापासून पुढे. रोज वीस-पंचवीस पानं. स्कॅन करायचं, मोठं करायचं, गडद करायचं आणि समासातलं अक्काला वाचून दाखवायचं. खरूज. कापणी. गुऱ्हाळावर. गुऱ्हाळावर. बहिणीचं लग्न. चप्पल नाही. कधीकधी मी नाव वाचलं की कारण तीच सांगते, मी नुसतं ताडून बघते, आणि बरोबर निघतं.

मंगळवारी एकशे बाराव्या पानावर ती पोर सापडली. नाव इथे लिहीत नाही. तिच्या नावासमोर पेन्सिलीने होतं, आई बाळंतीण, घरी पाहून आले, पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणाले. अक्का म्हणाली, "पुढच्या आठवड्याचं बघ." ते पान अजून स्कॅन व्हायचं होतं. स्कॅनर सावकाश चालतो, ६०० ला तर फारच. दोघी बसून राहिलो. आलं, मोठं केलं. त्याच नावासमोर, आधीपेक्षा बारीक अक्षरात, पुन्हा गेले, कुलूप. त्याच्यापुढच्या महिन्याच्या पटावर नावच नाही.

"ती म्हणाली होती मी एकदा आले," अक्का म्हणाली. "दुसऱ्यांदा गेलेलं तिला माहीतच नाही."

तिचा नंबर जाताना मी कालनिर्णयवर लिहून घेतला होता. रात्रीचे साडेनऊ झाले होते, त्यांच्याकडे निजानीज झाली असेल, उद्या सकाळी लावू म्हटलं.

"आत्ता लाव," अक्का म्हणाली.